घरातली विजेची करवत : राम घाट परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

विजेवर चालणारी करवत आता फक्त सुताराच्या हत्यारपेटीत राहिलेली नाही. मागवली की चार दिवसांत घरपोच येते. गणपतीच्या मखरापासून स्वयंपाकघरातल्या फडताळापर्यंतची कामे घरीच करण्याची आवड आपल्या समाजातल्या तरुणांत आहे, तशी निवृत्त मंडळींतही आहे. २०२८ चा सिंहस्थ जवळ येईल तशी घाटाकडच्या घरांची डागडुजी निघेल, पाहुण्यांसाठी माळे-खोल्या नीट कराव्या लागतील, आणि तेव्हा मिस्त्री मिळणे अवघड होईल हे २०१६ चा अनुभव असलेल्यांना सांगायला नको. त्या निमित्ताने ही माहिती एकत्र करून ठेवत आहोत. आमची सगळी नोकरी बँकेत गेली आणि सुतारकाम हा त्यानंतरचा छंद, त्यामुळे मांडणीत थोडी बँकेची सवय दिसली तर सभासदांनी चालवून घ्यावे.

करवत म्हटली की सगळ्यांचे लक्ष पात्याकडे जाते. राम घाटाजवळच्या जुन्या घरांत मात्र आधी पाहायचा तो भिंतीवरचा बोर्ड आणि पायाखालची जमीन. पाते त्यानंतर.

बोर्ड, वायर आणि ओल

हरसिद्धी, दानी गेट, कार्तिक चौक या बाजूची बरीच घरे जुनी आहेत. काही ठिकाणी वायरिंग अजून लाकडी पट्ट्यांतून गेलेले आहे. सॉकेट दोन पिनांचे असते, किंवा भोके तीन असली तरी तिसऱ्याच्या मागे अर्थिंगची तारच जोडलेली नसते. पंखा, दिवा, मोबाईल यांना त्याने काही फरक पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. करवत लावली की पडतो.

साधा हिशोब करून पाहू. घरगुती गोल करवत साधारण १२०० वॅटची असते. आपला पुरवठा २३० व्होल्टचा, म्हणजे चालू असताना सुमारे सव्वापाच अँपिअर, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट. दिव्याच्या बोर्डावरचे ६ अँपिअरचे सॉकेट इथे काठावर येते, जुने सैल झालेले असेल तर तापते. त्यामुळे करवत नेहमी १६ अँपिअरच्या पॉवर पॉईंटवरच लावावी, म्हणजे जिथे गिझर किंवा वॉशिंग मशीन लावतो तिथे. पिन बसत नाही म्हणून वायरची टोके सोलून सॉकेटमध्ये खुपसायची आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. घरी कामाला आलेला कारागीर असे करत असेल तर त्यालाही थांबवावे. योग्य पिन बसवून घ्यायला दहा मिनिटे लागतात.

करवतीवरच्या माहितीपट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते यंत्र दुहेरी आवरणाचे असते आणि त्याला दोनच पिना असणे बरोबर आहे. ती खूण नसेल तर तीन पिना हव्यात आणि तिसरीला खरेखुरे अर्थिंग हवे. जाड पिन कापून काम भागवू नये.

एमसीबी बसवली आहे, आता काळजी नाही, असे पुष्कळ जण समजतात. एमसीबी घरातल्या तारा वाचवते, माणूस नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेल्याशिवाय पडत नाही. माणसाच्या रक्षणासाठी जी आरसीसीबी लावतात ती ३० मिलीअँपिअरला पडते. म्हणजे एमसीबीचा आकडा तिच्या पाचशेपटींहून मोठा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून प्रवाह जाऊ लागला तर एमसीबीला त्याची दखलही नसते. ज्यांच्या घरी आरसीसीबी नाही त्यांनी करवत घेण्याआधी ती बसवून घ्यावी असा आमचा आग्रहच आहे, आणि एवढे एकच वाचून लेख बंद केला तरी चालेल. तिच्यावर चाचणीचे बटण असते, ते दर दोन-तीन महिन्यांनी दाबून ती पडते ना ते पाहावे. एक मर्यादा लक्षात असू द्यावी : दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर तिला गळती कळत नाही आणि ती पडत नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल. टीव्हीमागे असतो तो बारीक वायरचा बोर्ड करवतीला चालत नाही. तांब्याची, निदान दीड चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर हवी, आणि गच्चीपर्यंत लांब न्यायची असेल तर अडीचची. दुकानात नुसती ‘चांगली वायर द्या’ न म्हणता हा आकडा सांगून मागावी. चाकावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडूनच वापरावी, कारण गुंडाळी आत तापत राहते आणि वरून कळत नाही.

पावसाळ्यात क्षिप्रा चढली की राम घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि खालच्या अंगाच्या घरांत पाणी ओसरल्यावरही जोत्यातून ओल वर येत राहते. अशा जमिनीवर, किंवा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर करवत चालवू नये. कोरडी खोली किंवा कोरडी गच्ची निवडावी, पायात रबरी तळाचे बंद बूट असावेत. आपल्याकडे घरात चपला न घालण्याची पद्धत आहे, पण या कामापुरती ती बाजूला ठेवणे बरे. घाटावरच्या कार्यक्रमांसाठी पायऱ्यांवर वायर ओढून तिथेच फळ्या कापणे पूर्णपणे टाळावे. फळ्या घरी कापून न्याव्यात, घाटावर फक्त जोडणी करावी.

कोणती करवत, कोणते काम

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा आहेत. एक गोल पात्याची, जी सरळ लांब काप घेते. दुसरी जिगसॉ, जिचे अरुंद पाते शिलाई मशीनच्या सुईसारखे वर-खाली होते. मखराच्या कमानी, मोर, जाळी अशा वळणदार कामाला जिगसॉ लागते, आणि नवख्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे आम्हांला वाटते. तिच्यानेही बोट जाऊ शकते, पण ती गोल करवतीसारखी अंगावर उसळत नाही.

तिसरी तऱ्हा दुकानात करवत म्हणून विकली जात नाही, पण घरोघरी तीच वापरात दिसते. ती म्हणजे मार्बल कटर. फरशी कापायचे हे यंत्र स्वस्त आणि हलके. त्याला लाकडाचे दातेरी पाते लावले की आपला मिस्त्री प्लायवूड भराभर कापून देतो, आणि ते पाहून आपणही तेच घेतो. इथे थांबून विचार करायला हवा. लाकडाची साधारण सव्वासात इंची गोल करवत मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेते. चार इंची मार्बल कटर बारा-तेरा हजार. परिघाचा हिशोब केला तर पहिलीचा दात ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने जातो आणि दुसऱ्याचा सुमारे २७०. पण वेगापेक्षा मोठा फरक झाकणाचा आहे. लाकडाच्या करवतीला खालच्या बाजूला स्प्रिंगचे झाकण असते. लाकडात शिरताना ते मागे सरकते आणि बाहेर येताच आपोआप पाते झाकून टाकते. मार्बल कटरला असे झाकण नसते, वरचे अर्धे तेवढेच असते. काप संपवून यंत्र मांडीजवळ आणले आणि पाते अजून फिरत असले तर मध्ये काहीही नसते. फरशीचे पाते दातेरी नसल्यामुळे तिथे हे निभावते. लाकडाचे दातेरी पाते लाकडात अडकते, यंत्र मागे फेकते, आणि मग उघडे पाते जिकडे जाईल तिकडे जाते. ज्या अँगल ग्राइंडरने लोखंड घासतात त्याला लाकडाचे पाते लावणे तर याहून वाईट. ही दोन्ही यंत्रे घरी असतील तर ज्या कामासाठी बनली त्यासाठीच ठेवावीत.

आणि एखाद-दुसराच काप मारायचा असेल तर हातकरवत घ्यावी. यंत्र काढून, वायर ओढून, आवरून ठेवेपर्यंत हातकरवतीने काम झालेले असते.

पावसाळ्यात फुगून घासणाऱ्या दारांचाही उल्लेख करायला हवा, कारण करवत काढण्याचे आपल्याकडचे ते एक मोठे कारण आहे. जुने सागवानी दार श्रावण-भाद्रपदात अडते म्हणून त्याची खालची कड करवतीने कापू नये. दिवाळीनंतर लाकूड वाळले की तेच दार सैल होते आणि खाली बोटभर फट राहते. पावसाळाभर कडेला मेण किंवा साबण घासावा, आणि कोरड्या दिवसांतही अडत असेल तर रंधा मारावा. वाड्यांच्या बाबतीत आणखी एक. खांब, तुळई, कडीपाट यांवर छताचे वजन असते. रस्ता अडतो म्हणून त्यातले काही स्वतः कापण्याचा विचार मनातही आणू नये, ते काम जाणकाराला दाखवूनच.

कापण्याआधी

तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकाच्या विसरण्याने तिजोरी उघडी राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. करवतीलाही हाच नियम लावावा : भिंतीवरचे बटण बंद आणि पिनही बाहेर. पाते बदलताना, झाकण साफ करताना, खोली ठरवताना, चहाला उठताना, दर वेळी दोन्ही. पिन काढून ती आपल्या डोळ्यांसमोर ठेवावी, म्हणजे मदत करायला आलेल्या नातवाने ती पुन्हा लावली असे होणार नाही.

वीज गेली की हीच सवय उपयोगी पडते. काही करवतींना बटण दाबून अडकवून ठेवण्याची सोय असते. मधेच वीज गेली, आपण करवत तशीच टेबलावर ठेवली, आणि अर्ध्या तासाने वीज आली, तर ती आपोआप सुरू होऊन टेबलावरून धावत सुटते. त्यामुळे ती सोय न वापरणे उत्तम, आणि वीज गेल्याबरोबर पिन काढावी.

पात्यावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो यंत्रावरच्या आकड्याहून कमी असता कामा नये. मधल्या भोकाचे मापही जुळले पाहिजे, कागदाची गुंडाळी घालून बसवलेले पाते हलते. झाकण बोटाने मागे ओढून सोडावे, ते फटकन परत आले पाहिजे. भुशाने अडत असेल तर साफ करावे. ते दोरीने बांधून उघडे ठेवण्याची काही कारागिरांना सवय असते, ती आपण उचलू नये.

जुन्या लाकडात खिळे असतात. डोके गंजून तुटलेले असते आणि वर रंगाचे थर, त्यामुळे दिसत नाहीत. एक चांगला लोहचुंबक फळीवरून फिरवला की सापडतात. रंगाबद्दलही सावध राहावे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात २०१७ च्या नोव्हेंबरपासून कडक मर्यादा आली, त्याआधीच्या रंगांत ते भरपूर असू शकते. अशा दारा-खिडक्यांचा भुसा लहान मुलांच्या जवळपासही उडू देऊ नये.

उसळी कशाने येते

गोल करवतीची खरी भीती हीच. पाते लाकडात चिमटले गेले की अडलेली सगळी ताकद उलट दिशेने येते आणि करवत वर उसळून कापणाऱ्याच्या अंगावर मागे येते. पाते चिमटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फळी दोन्ही टोकांना स्टुलावर ठेवून मध्ये कापणे. काप निम्म्यावर आला की फळी मध्ये वाकते, काप वरून मिटतो आणि पाते पकडले जाते. दोन खुर्च्यांवर प्लायवूड टाकून कापणाऱ्या प्रत्येकाला हे होणार. त्याऐवजी पूर्ण तक्ता जमिनीवर जाड थर्मोकोलवर किंवा चार टाकाऊ पट्ट्यांवर आडवा ठेवावा, कापाच्या दोन्ही बाजूंना आधार राहील असा. लहान तुकडा असेल तर मोठा भाग टेबलावर शिकंज्याने आवळून टाकाऊ भाग बाहेर मोकळा ठेवावा, म्हणजे तो सरळ खाली पडेल. फळी पायाखाली किंवा गुडघ्याखाली दाबून धरू नये.

पात्याची खोली फळीच्या जाडीपेक्षा फार तर एका दाताएवढी जास्त ठेवावी. १९ मिलिमीटरच्या प्लायवूडला दोन इंच पाते बाहेर काढून काही फायदा नाही, खाली बोटे असतील तर तोटाच. कापाच्या रेषेत मागे उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. दोन्ही हात मुठींवर. पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावे आणि ढकलू नये, त्याच्या गतीने जाऊ द्यावे. आवाज जड झाला तर समजावे की जोर जास्त होतोय किंवा पात्याची धार गेली. अडकलेच तर ओढून काढण्याचा मोह टाळावा. बटण सोडावे, करवत आहे तिथेच धरून ठेवावी, पाते थांबल्यावर आणि पिन काढल्यावर ती बाहेर घ्यावी. पाते चुकीच्या रेषेत जाऊ लागले तर चालू करवत वळवून रेषेवर आणू नये, थांबून पुन्हा सुरुवात करावी.

सनमायका लावलेली किंवा चांगली बाजू खाली ठेवून कापावे. हातातली गोल करवत आणि जिगसॉ दोन्हींचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे कपच्या वरच्या बाजूला उडतात. ही सुरक्षिततेची नव्हे, नीटनेटकेपणाची सूचना, पण पहिलाच तक्ता वाया गेला की माणूस घाई करतो.

वायर नेहमी मागून, शक्य तर खांद्यावरून घ्यावी. स्वतःच्याच करवतीने स्वतःचीच वायर कापली जाणे हे फार सोपे आहे. तशी कापली गेली तर करवतीला किंवा वायरला हात न लावता आधी भिंतीवरून वीज बंद करावी.

अंगावर काय असावे

उपरणे, ओढणी, साडीचा पदर, गळ्यातला गोफ, सैल बाह्या, हातातले कडे यांतले काही नको. केस बांधलेले हवेत. हातमोजे घालावेत असे पुष्कळांना वाटते, पण फिरत्या पात्यापाशी सैल मोजा बोटासकट आत ओढला जातो. फळ्या वाहताना मोजे घालावे, कापताना काढावे.

साधा चष्मा डोळ्यांचे रक्षण करत नाही, बाजूने कपची येतेच. बाजू झाकणारा गॉगल हवा, तो चष्म्यावरही बसतो. गोल करवतीचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, कानांत बोळे घालावेत. मास्क तर हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले आहे. आठवड्याच्या एका मखराने काही होत नाही, पण बंद खोलीत रोज काम करणाऱ्याने विचार करावा. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते. करोनाकाळात उरलेले एन-९५ मास्क चांगल्या अवस्थेत असतील तर इथे उपयोगी पडतील.

इजा झालीच तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि हात वर उचलून ठेवावा. हळद, कॉफी, कुंकू काही भरू नये, डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावे लागते. बोट किंवा त्याचा भाग तुटला असेल तर तो शोधून ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर खराब होते. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला वीज बंद केल्याशिवाय हात लावू नये.

रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. घाटाकडच्या बऱ्याच गल्ल्यांत ती आत येत नाही, तेव्हा कोणत्या चौकात गाठायची हे आधीच ठरवलेले असावे. श्रावण-भाद्रपदात सोमवारी महाकालची सवारी राम घाटावर येते, त्या दिवशी दुपारनंतर या भागातून कोणतेही वाहन सहज बाहेर पडत नाही. सवाऱ्या उत्तरेकडच्या पंचांगानुसार श्रावण लागताच सुरू होतात, म्हणजे आपला श्रावण लागण्याच्या पंधरा दिवस आधीपासून. गणपतीच्या तयारीचे दिवसही याच सुमारास येतात. त्या सोमवारी आणि पर्वस्नानांच्या दिवशी करवत बाहेर काढू नये, आणि घरात एकटे असताना तर कधीच नाही.

बँकेतून आलो म्हणून एक विम्याचे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आपल्यापैकी बहुतेकांच्या खात्याला जोडलेली असेल, वर्षाला २० रुपये कापले जातात, वय १८ ते ७०. तिच्यात अपघाताने एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली तर एक लाख रुपये मिळतात. बोटांचा त्या तक्त्यात उल्लेख नाही. ज्यांना बोटांसाठीही संरक्षण हवे आहे त्यांनी वेगळा वैयक्तिक अपघात विमा घेताना अंशतः अपंगत्वाचे कलम वाचून घ्यावे.

आवरताना

पाते थंड झाल्यावर पुसून तेलाचा हलका हात द्यावा, घाटाकडच्या दमट हवेत पावसाळाभर पडून राहिलेले पाते गंजते. वायर करवतीभोवती करकचून गुंडाळू नये, मुठीपाशी ती आतून तुटते. सैल वेटोळे करून टांगावी. मुलांच्या हाती लागू नये म्हणून करवत कुलपात ठेवावी, आणि पाते वेगळे काढून ठेवता आले तर आणखी चांगले. भुसा गल्लीतल्या नालीत लोटू नये, तो पुढे क्षिप्रेकडेच जातो. सागाचा भुसा तेल सांडलेली फरशी पुसायला उपयोगी पडतो. प्लायवूडच्या आणि एमडीएफच्या भुशात डिंक आणि रसायने असतात, तो तुळशीत घालू नये आणि जाळूही नये, बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यावा.